गाडीचे दागिने

नवी गाडी दारात आली, पेढे वाटून झाले, की पंधरा दिवसांच्या आत घरातल्या प्रत्येकाला तिच्या अंगावर काही ना काही घालावेसे वाटू लागते. कन्येला रुंद टायर हवे असतात, चिरंजीवांना घुमणारे स्पीकर, गृहिणीला सीटची कव्हरे आणि यजमानांना पुढच्या बाजूला चकचकीत पोलादी गार्ड! चार मीटरांच्या आतली छोटी एसयूव्ही तर या हौशीला फारच सोयीची. दिसायला ऐटबाज आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावणारी. हौसेला मोल नसते हे खरे. पण गाडी ज्या रस्त्याने जायची, तो रस्ता पाहून हौस करावी, एवढेच आज सांगायचे आहे.

उदाहरणादाखल धारूरचा रस्ता घेऊ. पुण्यात नोकरीस असलेला धारूरकर दिवाळीला गावी निघतो. बीड, वडवणी मागे टाकून तेलगावला पोचेतो अंधार पडतो आणि पुढे बालाघाटाचा वळणावळणाचा घाट चढायचा असतो. मागे सामान, आजी, मुले. येताना सीताफळांच्या पाट्या. याच दिवसांत या भागातील ऊसतोडणीची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघालेली असतात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत भांडीकुंडी, शेळ्या आणि त्यांच्यामध्ये झोपलेली पोरे. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा असेलच, असा भरवसा धरू नये.

आता सांगा, या घाटात कोणता दागिना उपयोगी पडेल?

पुष्कळजण म्हणतील, दिवे. बरोबर! परंतु येथेच घोटाळा होतो. हॅलोजन दिव्याचा आरसा आतल्या तारेची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. त्यात बाजारचा एलईडी बल्ब बसवला, की उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी चहूकडे फाकतो. आपल्याला वाटते, काय लख्ख दिसते! समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला मात्र वळणावर काहीच दिसत नाही, आणि त्याच्या मागे ती पोरे झोपलेली असतात. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब घातला, तर वायर आणि होल्डर तापून वितळण्याची भीती वेगळीच.

त्यापेक्षा आधी दिव्यांची काच स्वच्छ करा आणि गॅरेजमध्ये झोताची उंची तपासून घ्या. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची एक छोटी चकती असते. मागे वजन पडले, की गाडीचे तोंड वर होते आणि खालचा झोतही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चकती फिरवून झोत खाली आणायचा. या सुधारणेला एक पैसाही लागत नाही!

दुसरा खरा दागिना टायर. मात्र तो रुंदीसाठी नव्हे, पकडीसाठी. २१५/६० आर १६ मापाच्या जागी २३५/६५ आर १६ घातला, तर चाकाचा व्यास सुमारे सात टक्के वाढतो. काटा आधी अचूक असला, तर तो ६० दाखवील तेव्हा गाडी ६४ने धावत असेल. शिवाय वळणावर टायर आतल्या भागाला घासू शकतो. तेव्हा माप कंपनीचेच ठेवा, पण टायर चांगल्या प्रतीचा घ्या. त्याच्या अंगावरचे चार आकडेही वाचा: पहिले दोन बनल्याचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष.

हॉर्न बदलायचा असेल, तर दोन सुरांची साधी जोडी रिलेसह बसवावी. एकामागून एक सूर काढणारा हॉर्न कायद्याने वर्ज्य आहे. मूळ वायर कापू देऊ नका; वायरिंगचा तयार सेट मिळतो.

राहिला पोलादी गार्ड. धारूरच्या किल्ल्याला तटबंदी शोभते, गाडीला नाही. धडकेत गाडीचा पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चेपावा, अशीच त्याची रचना असते; गार्डाने ती बिघडते, एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो आणि पायी चालणाऱ्याला इजा अधिक होते. म्हणूनच डिसेंबर २०१७मध्ये केंद्र सरकारने राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करण्यास कळवले. सीटमध्ये एअरबॅग असल्यास बाजू शिवून बंद केलेले कव्हरही नको. काचांना काळी फिल्म लावली, तर बिनदिव्याची ट्रॉली आणखीच उशिरा दिसेल.

चिरंजीवांचे स्पीकर घ्यावेत की नाही? जरूर घ्यावेत, पण टायरचे पैसे बाजूला काढल्यावर.

आणि शेवटी एक अगदी स्वस्त दागिना सुचवतो. गाडीच्या मागे खालच्या कडेला लाल रेडियमची पट्टी लावा. जमल्यास एक गुंडाळी डिकीत ठेवा. चहाच्या टपरीवर एखादी बिनदिव्याची ट्रॉली उभी दिसली, तर तिच्या मालकाला विचारून चार तुकडे तिच्या पाठीवर चिकटवा. दिवाळीत आपण दाराबाहेर पणती ठेवतो, ती येणाऱ्याला वाट दिसावी म्हणून. त्याचे डोळे दिपावेत म्हणून नव्हे.