ढेकर आला का?

आमच्या हळ्ळीखेडच्या नावातच दोन गावं आहेत. कन्नडमधली हळ्ळी म्हणजे गाव आणि मराठीतलं खेड म्हणजेही गावच. अशा ठिकाणी घरं जोडभाषेची असली तर नवल नाही. सून कलबुर्गीकडची, सासर इकडचं. तिकडे 'बाणंतन', इकडे बाळंतपण. माहेरहून 'अंटिन उंडे' येतात, सासरी डिंकाचे लाडू वळले जातात आणि डबे उघडले की दोन्हींत वस्तू एकच निघते. लेकरू अंगावर पिऊन झालं की दोन्हीकडच्या आज्यांचा प्रश्नही एकच असतो. एक विचारते, "ढेकर काढलास का गं?" दुसरी विचारते, "तेगु बंतेन?"

प्रश्न मायेचा आहे, पण रात्री दोन वाजता तो परीक्षेसारखा होतो. टाके अजून दुखताहेत, डोळे मिटताहेत, बाळ केव्हाच झोपलंय आणि आई मात्र त्याला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत बसली आहे. का, तर ढेकर आला नाही! ढेकर न काढता निजवलं तर पोट फुगेल, दूध नाकातोंडात जाईल, अशी भीती तिच्या मनात घातलेली असते.

मुळात होतं ते एवढंच. बाळ दूध ओढताना दुधाबरोबर थोडी हवाही गिळतं. रडून रडून मग प्यायलं तर जास्त, बाटलीने प्यायलं तर आणखी जास्त. आईच्या अंगावर नीट पकड घेऊन पिणाऱ्या बाळाच्या पोटात हवा कमी जाते. ही हवा वर आली की ढेकर. नाही आली तर ती पुढे आतड्यांतून खालच्या वाटेने निघून जाते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप तान्हेपणी सैल असते, म्हणून ढेकराबरोबर घोटभर दूधही बाहेर येतं. जठरातल्या आम्लामुळे ते फुटलेलं दिसतं आणि घरात धांदल उडते. खरं तर हे इतकं सर्रास आहे की अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे दोनतृतीयांश बाळं रोज एकदा तरी दूध टाकत होती. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत हे प्रमाण पाच टक्क्यांवर आलेलं होतं.

थोपटल्याने नक्की काय साधतं, हे आपल्याच देशात तपासून पाहिलं गेलं आहे. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी 71 निरोगी बाळं आणि त्यांच्या आया घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या आयांना ढेकर काढायला शिकवलं, दुसऱ्या गटाला बाळाच्या संगोपनातल्या इतर गोष्टी शिकवल्या, आणि तीन महिने नोंदी ठेवल्या. 2015 साली हा अभ्यास छापून आला. पोटदुखीच्या रडण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दूध टाकण्याचे प्रसंग मात्र ढेकर काढलेल्या बाळांत लक्षणीयरीत्या जास्त होते!

आता 71 बाळं म्हणजे काही फार नव्हेत. एवढ्यावरून आजीला खोटं पाडायला कोणी जाऊ नये. ढेकर आल्यावर चुळबुळणारं बाळ शांत होतं, हेही आपण डोळ्यांनी पाहतो. पण ढेकर आला नाही म्हणून आईला अपराधी ठरवण्याइतका आधार त्या समजुतीला नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

कारण गोष्ट ढेकरापाशी थांबत नाही. बाळाने दूध टाकलं की आईच्या ताटाची झडती सुरू होते. ताक प्यायलीस? डाळ खाल्लीस? वांगं तर नाही ना खाल्लं? करता करता ओल्या बाळंतिणीच्या ताटात कोरडी भाकरी आणि लसूण तेवढा उरतो, आणि दूध तिलाच तयार करायचं असतं. मग बाळाची पाळी. वेखंड, ज्याला कन्नडमध्ये बजे म्हणतात, ते उगाळून चाटवणं, घुटी, मध, एरंडेल. ज्यांना हे जुनाट वाटतं ते ग्राइप वॉटर आणतात. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने 1851 साली ते तयार केलं, तेव्हा त्यात बडीशेपेच्या वळणाच्या शेपूच्या बियांचं तेल होतं, म्हणजे आपल्या बाळंतशोपाच, आणि शिवाय मद्यार्कही होता. मद्यार्क पुढे काढला गेला. बाळंतशोपा बाळंतिणीने जेवणानंतर खुशाल चघळाव्यात. बाळाला मात्र पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको, हेच जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं वेगळं.

ढेकर काढायचाच तर सावकाश काढावा. बाळाला खांद्यावर उभं धरून मानेला हाताचा आधार द्यावा. त्याने अजून मान धरलेली नसते. किंवा मांडीवर बसवून थोडं पुढे झुकवावं, हनुवटी तळहातावर पेलावी, गळा मात्र दाबला जाऊ नये. पाठीवरून हलका हात फिरवला तरी पुरतो, धपाटे नकोत. एका बाजूचं पिऊन झालं की दुसरीकडे घेताना एकदा, आणि शेवटी एकदा. पाच-दहा मिनिटांत आला तर आला. नाही आला आणि बाळ निवांत असेल तर निजवून टाकावं. फार दूध टाकणाऱ्या बाळाला पिऊन झाल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धरलं तर बरं पडतं.

निजवायचं ते पाठीवर, उताणं. दूध घशात अडकेल म्हणून कुशीवर किंवा पालथं घालण्याची चाल सोडलेली बरी. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्याखाली येते, त्यामुळे वर आलेलं दूध निरोगी बाळ गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं.

ज्याला घाबरायचं ते वेगळंच. उलटी हिरवी असेल, तिच्यात रक्त असेल, किंवा पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक पाजणीनंतर दूध पिचकारीसारखं दूर उडत असेल, तर तास मोजत बसू नये. बाळ ओढायचं सोडून मलूल पडलं, पोट टणक फुगलं, ताप आला, वजन वाढेना, तरी तेच. तेव्हा ना थोपटणं, ना हिंगाचा लेप. गाडी काढावी आणि हुमनाबाद, बिदर, कलबुर्गी, जे जवळ असेल तिथल्या बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं.

आणि एक बाब घरातल्या पुरुषांसाठी. पाजणं आईलाच करावं लागतं. ढेकर काढायला आईच हवी असं कुठेही लिहिलेलं नाही. बाळाचे बाबा आहेत, आजोबा आहेत. खांद्यावर जुनं मऊ दुपटं टाकावं, बाळ घ्यावं आणि अंगणात चार फेऱ्या माराव्यात. शर्टावर दूध सांडेल, ते धुतलं की निघतं. तेवढ्या वेळात आत बाळंतिणीला डोळा लागतो.