समुपदेशकाच्या मनातली जात कोण तपासणार?

रोहित वेमुला २०१६ साली गेला. डॉ. पायल तडवी २०१९ साली गेल्या. त्यानंतर कॅम्पसमध्ये समुपदेशक नेमा, अशी मागणी आपणही केली. ती रास्तच होती. पण खुर्चीत बसणाऱ्या त्या समुपदेशकाच्या मनात काय चाललेलं असतं, हे आपण कधी विचारलं नाही. ते आज विचारायचं आहे.

समोरच्याचं दुःख ऐकताना थेरपिस्टलाही राग येतो, कंटाळा येतो, दया येते. फ्रॉइडने १९१० साली या भावनांना काउंटरट्रान्स्फरन्स म्हटलं आणि हा उपचारातला अडथळा मानला. १९५० साली पॉला हायमन या मनोविश्लेषक बाईंनी वेगळी मांडणी केली. थेरपिस्टच्या मनात जे उमटतं, तेच समोरच्याला समजून घेण्याचं साधन ठरू शकतं, असं त्यांचं म्हणणं. त्याच दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल आणि इनिड बालिंट यांनी डॉक्टरांचे गट चालवले. पेशंटला काय झालंय याच्याबरोबर, त्या पेशंटसमोर डॉक्टरच्या मनाचं काय होतं, हेही तिथे बोललं जाई.

आज आपल्याकडचे थेरपिस्टही असे गट करतात. चार-सहा समव्यावसायिक ठरावीक दिवशी बसतात. एक जण क्लायंटचं नाव न सांगता केस मांडतो, बाकीचे विचारतात, ‘तुला त्या वेळी काय वाटलं?’ वर कुणी साहेब नसतो. पद्धत चांगली आहे, आमचा तिला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच की त्या वर्तुळात बसतं कोण?

समजा, आपला एक पोरगा समुपदेशकाकडे गेला. म्हणाला, ‘मॅडम, वर्गात आडनाव विचारलं की माझ्या पोटात गोळा येतो.’ मॅडमना अवघडल्यासारखं झालं. त्यांनी विषय अभ्यासाच्या ताणावर नेला. पोरगा दोनदा आला, तिसऱ्यांदा आलाच नाही. मॅडमनी ही केस गटात मांडली. म्हणाल्या, ‘त्याच्याबरोबर मला थकवा येतो.’ गटातल्या सगळ्यांची आडनावं मॅडमच्याच गल्लीतली. सगळ्यांनी मान डोलावली. कुणी म्हणालं, तो मोकळा होत नाही. कुणी म्हणालं, तो जरा जास्तच संवेदनशील आहे. मॅडमचा अवघडलेपणा तसाच राहिला आणि पोराच्या माथी एक शिक्का बसला.

इथे कुणी दुष्ट नाही. पण ज्या भावनेची तपासणी व्हायला हवी होती, तिच्यावर गटाने शिक्कामोर्तब केलं. एकट्या माणसाचा पूर्वग्रह निदान त्याला टोचू शकतो. सगळ्यांचा सारखाच असेल तर तो व्यावसायिक मत होऊन बसतो. जातीचं मूळ मनात आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिलं. मनाचा धंदा करणाऱ्यांनी ते अजून वाचू नये?

‘थेरपीत जात कशाला आणता?’ असं विचारणारे भेटतात. आम्ही आणत नाही. ती आडनावाबरोबर, भाषेच्या लकबीबरोबर आणि फीच्या आकड्याबरोबर खोलीत आधीच येऊन बसलेली असते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सरकारी आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवांमध्ये जातीवरून भेदभाव करायला मनाई करतो. पण क्लायंटला दारातून परत पाठवलं तर कायदा लागू होईल, तो बोलत असताना मनात चीड आली तर कायदा काय करणार? तिथे असा प्रामाणिक गटच उपयोगी पडेल.

आणि हे फक्त सवर्णांना सांगून भागणार नाही. आपले जे थोडे थेरपिस्ट आहेत, त्यांच्याही मनात बरंच काही उमटतं. समोरचा क्लायंट आरक्षणावर सहज एखादा टोमणा मारतो आणि हसऱ्या चेहऱ्याने ऐकावं लागतं. आपल्याच वस्तीतली पोरगी समोर बसली की तिला वाचवायची घाई होते, तिची कहाणी कधी आपली झाली ते कळत नाही. हे ते कुठे बोलणार? सवर्ण गटात बोलले की निम्मा वेळ जात समजावून सांगण्यात जातो. म्हणून त्यांचे स्वतःचे गट हवेत.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. मिश्र गटांमध्ये ‘या क्लायंटची जात कळल्यावर तुझ्या मनात काय आलं?’ हा प्रश्न नेहमीचा व्हावा. त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी गटातल्या एकट्या दलित सदस्यावर टाकू नये. केस मांडताना नाव झाकलं तरी गाव, कॉलेज आणि जात मिळून माणूस ओळखू येतो, याचं भान ठेवावं. मानसशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी पदवी हातात येण्याची वाट न पाहता आतापासूनच असे गट बांधावेत.

आणि मित्रांनो, अत्याचाराच्या गावी जाऊन आलेला आपला कार्यकर्ताही रात्रभर जागाच असतो. दुसऱ्या दिवशी आपण त्याच्याकडून निवेदनाचा मसुदा मागतो. ‘तुला काय वाटलं?’ हे आपणही त्याला विचारत नाही. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर हा एक प्रश्न घेऊ या.

जयभीम!