नदी पळविणारे शब्द

बद्रीनाथाच्या यात्रेस जाणारे मराठी भाविक थोडे नाहीत. पण अलकनंदेसारख्या हिमालयी नद्यांत, ओल्या खडकावर उभे राहून सारखे अंग लववणारा एक गडद तपकिरी पक्षी त्यांपैकी कितीजणांनी पाहिला असेल? मैनेहून किंचित लहान असा हा तपकिरी डिपर. गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातला असूनही तो थेट प्रवाहात बुडी मारतो आणि तळाच्या गोट्यांत दडलेल्या कीटकांच्या अळ्या टिपतो. नदीच्या घोषातूनही त्याचे गाणे ऐकू येते. त्याचे भक्ष्य थंड, स्वच्छ, खळाळत्या पाण्यात वाढते. पाणी आटले किंवा गोट्यांमधल्या फटी गाळाने बुजल्या, की ते संपते. नदी जिवंत असल्याची साक्षच हा पक्षी देतो.

आमचा आक्षेप एका नावाला आहे. मोठा जलाशय न करता वीज काढणाऱ्या प्रकल्पांस 'रन ऑफ द रिव्हर', म्हणजे 'नदीप्रवाही', म्हणतात. नदी जशीच्या तशी वाहते, असा समज व्हावा! प्रत्यक्षात बंधाऱ्यापाशी पाणी बोगद्यात शिरते ते कित्येक किलोमीटर खाली वीजगृहाशी बाहेर पडते. अलकनंदेवरील ४०० मेगावॅटच्या विष्णुप्रयाग प्रकल्पाचा बोगदा सुमारे ११ किलोमीटरचा आहे. मधल्या पात्रात उरते ती सोडलेल्या पाण्याची धार.

वीज हवीच, हे आम्हांस मान्य आहे. गावे बुडत नाहीत, हा समर्थकांचा युक्तिवादही खोटा नाही. पण न बुडवणे म्हणजे न बिघडवणे नव्हे. गंगेच्या वरच्या खोऱ्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये किमान प्रवाह ठरवून दिला: नोव्हेंबर ते मार्च सरासरी प्रवाहाच्या २० टक्के. हिवाळ्यात, पाणी आधीच कमी असताना, चार पंचमांशापर्यंत नदी बोगद्यात नेण्यास ही मुभाच झाली.

आयुष्यभर सरकारी टिप्पण्या लिहिल्यामुळे आम्ही जाणतो, की नाव गोड ठेवले की हरकत निम्मी विरते. असे शब्द आम्हीही वापरले, याची आज खंत वाटते. भाषेची सेवा करणाऱ्या मंडळींनी तरी अशा प्रकल्पांस 'बोगदा प्रकल्प' म्हणावे. डिपरला आपली भाषा कळत नाही. पात्र कोरडे पडले, की तो निघून जातो. शब्दांनी फसतो तो माणूसच.