सायकल नसलेला शर्यतवीर

वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर ओहोटीला सायकलींची शर्यत लावली आहे कधी? ओल्या, घट्ट वाळूवर काय धमाल येते! पण ज्याच्याजवळ सायकल नसते, तो माडाखाली उभा राहून नुसता ओरडतो, "बंड्या पुढे... अरे, घसरला!" त्याला हसू नका हं! त्यालाच समालोचन म्हणतात.

बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत ऐकवलं. तसं मोटार-शर्यतींतलं मोठं नाव म्हणजे इंग्लंडचे मरे वॉकर (१९२३-२०२१). वडील मोटरसायकल-शर्यतीतले नामांकित स्वार. मरेंनीही शर्यती करून पाहिल्या, पण वडिलांसारखं यश काही मिळालं नाही. म्हणून ते रुसून बसले का? छे! १९४९ साली त्यांनी सिल्व्हरस्टोनची शर्यत रेडिओवरून सांगितली. पोटासाठी जाहिरातीच्या क्षेत्रात नोकरी आणि जोडीला समालोचन, असं कित्येक वर्षं चाललं. १९७८पासून ते टीव्हीवर फॉर्म्युला वनच्या शर्यती नियमित सांगू लागले. २००१ साली ते निवृत्त झाले, तेव्हा वय होतं ७७!

बोलण्याच्या भरात ते चुकायचे. लोक हसायचे, तेही हसायचे. पण शर्यतीआधी स्वतः फिरून, चालकांना भेटून ते सगळी माहिती टिपून ठेवत.

तेव्हा माडाखालच्या दोस्ता, उद्या वही घेऊन जा. कोणाची साखळी सैल आहे, कोण शेवटी दमतो, आधी टिपून ठेव. मग बोल! चुकलास, तर हस आणि पुढचं सांग. शर्यत काही थांबत नसते!