सवड मिळण्याची वाट पाहणाऱ्या माउलींस

माउली, एक वाक्य आपण सप्ताहात, कीर्तनात वारंवार ऐकता : 'प्रपंचाच्या कटकटी मिटल्या, की परमार्थाला सवड मिळते.' चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहून मीही ते बोललो. आता आवाज बसला, गादी सुटली, आणि घरी बसून विचार करता हे वाक्य मला खोटे वाटते. नुसते खोटे नव्हे. त्याने गरिबाचे नुकसान होते. म्हणून त्याच्याविरुद्ध लिहायला बसलो आहे.

कटकटी मिटतात कुठे? आमच्या सिरसाळ्याकडेच पाहा. पंपाला वीज रात्रीची, पीककर्जासाठी हेलपाटे, पावसाने ओढ दिली की पाण्यासाठी घागरी घेऊन वणवण. २०१३ च्या दुष्काळात शेजारच्या परळीचे औष्णिक वीज केंद्रसुद्धा पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. जिथे एवढे मोठे केंद्र थांबले, तिथे घरच्या बाईने 'पाण्याचे मिटले की पोथी उघडीन' असे म्हटले, तर पोथी उघडायची कधी?

काही वर्षांपूर्वी कीर्तन आटोपल्यावर ऊसतोडीला जाणारी एक माउली पाया पडायला आली. म्हणाली, "महाराज, हरिपाठ पाठ करायचाय. पण सा महिने फडावर असतो. पहाटं उठून फडात, कोपीत उजेड नाही, लेकरू किरकिर करतं. जीव नुसता चिडचिड करतो. कवा करू?" मी म्हणालो, "सवड काढा, मन शांत करा, मग होईल." तिने मान हलवली आणि गेली. सवड नव्हती म्हणूनच ती विचारत होती, हे माझ्या ध्यानात आले नाही. मी तिला उत्तर दिले नाही, वाटेला लावले.

ते उत्तर आज देतो. हरिपाठाचे अभंग तीससुद्धा नाहीत. एका एकादशीपासून दुसऱ्या एकादशीपर्यंत एकच अभंग धरावा. अक्षर येत नसेल तर टोळीतल्या कोणाच्या तोंडून ऐकावा. ऊस तोडताना म्हणावा, मोळी बांधताना म्हणावा. विसरला तर पुन्हा तोच. सव्वा वर्षात हरिपाठ मुखोद्गत होतो, आणि त्याला कोपीत दिवा लागत नाही. गंगाखेडची जनाबाई नामदेवरायांच्या घरी दळणकांडण करीत होती. 'जाते थांबले की नाम घेईन' असे ती म्हणती, तर तिचे अभंग आपल्याला मिळालेच नसते.

"पण महाराज, चिडचिडीचे काय?" असे तुम्ही विचाराल. चिडचिड होते म्हणजे भक्ती कच्ची, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ताटीचे अभंग आठवावेत. लोकांच्या बोलण्याने दुखावून प्रत्यक्ष ज्ञानोबाराय ताटी लावून आत बसले, ही आठवण आपल्या संप्रदायाने लपवली नाही, उलट जपली. मुक्ताई दाराशी आली ती ताटी उघडायला लावण्यासाठी. राग येणे हा दोष नव्हे. ताटी लावून बसून राहणे हा दोष. नेम चार दिवस मोडला तर पाचव्या दिवशी पुन्हा धरावा. मोडलेल्या दिवसांचा हिशेब करीत बसू नये.

दुसरी चूक याहून मोठी. पैठणच्या नाथांची कथा आम्ही नेहमी सांगतो : गोदावरीत स्नान करून येताना एक जण अंगावर थुंके, आणि नाथ पुन्हा स्नानाला जात. ही कथा सांगून आम्ही म्हणतो, 'बघा, सगळे सोसावे.' मी म्हणतो, इतके होऊनही नाथांनी स्नान सोडले नाही, हे आधी बघा. शांती म्हणजे गप्प बसणे नव्हे. शांती म्हणजे हातचा नेम न सुटणे. हेच नाथ वाळवंटात तापलेल्या वाळूत रडणारे लेकरू पाहून 'त्याचे प्रारब्ध' म्हणाले नाहीत. त्यांनी ते उचलून कडेवर घेतले. कटकट सोसावी, अन्याय सोसू नये. मुकादमाने तोडीच्या हिशेबात फसवले, तर त्या बाईला शांतीचे निरूपण ऐकवू नका. तिच्याबरोबर हिशेब मागायला जा.

कीर्तनकार बंधूंनो, गादीवरून 'सवड काढा' म्हणणे सोपे आहे. आपल्याला बिदागी मिळते. तिला उचल फेडायची असते.

मी स्वतः आता रोज ज्ञानेश्वरीच्या २५ ओव्या वाचतो. ओव्या नऊ हजारांवर आहेत. या हिशेबाने वर्षात ग्रंथ पुरा होतो. चष्मा सापडत नाही, शेजारी भोंगा लागतो, ऐन वेळी वीज जाते. चिडतो, घरच्यांवर ओरडतोही. मग पुन्हा बसतो, आणि २५ पुऱ्या करून उठतो.

ती माउली मला पुन्हा भेटली नाही. तुमच्या गावात तशी कोणी असेल, तर येत्या एकादशीला तिला एक अभंग सांगा. सवडीची गोष्ट काढू नका.

रामकृष्णहरि.