दुखण्याचे सोबती

पुष्य अमावास्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातले गोंड गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात, कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट होते. हा सोहळा आठवला की मास्तरकीच्या सवयीने मनात येतं, या जोडप्यांची लग्नाआधी रक्ततपासणी झाली असेल का? कारण गोंडांत सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के. शापाचा इथे काही संबंध नाही.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग सांधे, पाठ, छाती असह्य दुखते. चार दिवसांनी तेच पोर हसत अंगणात खेळतं, आणि शेजारी म्हणतात, "नाटकं करतंय." आपल्या वाचकांच्या घरी एकजण 'दुखतंय' म्हणतो, दुसरा 'नोवु' म्हणतो, पण विश्वास ठेवणारं माणूस कुठल्याच भाषेत चटकन मिळत नाही. ते मिळतं दुसऱ्या सिकलच्या घरी. पाण्याची बाटली कायम जवळ ठेव, थंडीत तळ्यात उतरू नकोस, हायड्रॉक्सीयुरियाची गोळी दुखल्यावर नव्हे, रोज घ्यायची असते, असं तिथली आई सांगते तेव्हा ते मनात बसतं. डॉक्टरही हेच सांगतात, पण त्यांच्या दारात रांग असते!

नागपूरच्या संपत रामटेके यांनी अशीच घरं एकत्र आणून सिकलसेल सोसायटी उभी केली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला, त्यामुळे प्रमाणपत्राची वाट मोकळी झाली. तरी कुठल्या टेबलावर कोणता कागद लागतो, हे तिथे आधी जाऊन आलेलाच नीट सांगतो. 2023 साली तपासणीची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली.

एक भीती मात्र वाटते. अशा गप्पांतून जडीबुटीचे हमखास इलाजही पसरतात, आणि चालू गोळी बंद होते. मूल हवं असेल तेव्हा गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांनाच विचारावं. आणि सिकलच्या मुलाला ताप आला, तर कुणाच्या सल्ल्यासाठी न थांबता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.