"माझ्यामागे" नुसतं म्हणून भागत नाही

परवा धाकट्या दिरांचा फोन आला. आवाज चढलेला. "वहिनी, ऐकतोय ते खरं का? मृत्युपत्रात परक्यांचं नाव घातलंत म्हणे!" म्हटलं, "हो, घातलं." जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "पोटच्या पोरांच्या तोंडचा घास काढून समाजसेवा? मला नाही पटत."

फोनवर वाद घालायचा माझा स्वभाव नाही. म्हणून आज इथे लिहिते. घरचे बरेच जण हे वाचतात, तेव्हा एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

आधी आमच्या शाळेतल्या एका बाईंची गोष्ट सांगते. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला. मूलबाळ नाही. सासरच्यांनी पुन्हा कधी चौकशी केली नाही. बाई शिकल्या, नोकरीला लागल्या आणि पंचवटीत दोन खोल्यांत आयुष्य काढलं. दरवर्षी जून महिन्यात दोन-तीन गरीब मुलींची फी त्या गुपचूप भरायच्या. स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्यांनी शंभरदा ऐकलं असेल, "माझ्यामागे माझा पैसा मुलींच्या शिक्षणाला जायचा आहे." लिहून मात्र एक ओळ ठेवली नाही. बाई गेल्या आणि त्यांची सगळी पुंजी नवऱ्याच्या पुतण्यांना मिळाली. त्यांना मी दोष देत नाही. कायद्यानं दिलं, त्यांनी घेतलं. पण पुढच्या जूनमध्ये आठवीतल्या एका मुलीच्या फीसाठी आम्ही तिघी-चौघींनी वर्गणी काढली, तेव्हा माझा घसा दाटून आला.

मलाही तेव्हा कायदा माहीत नव्हता. नंतर वाचला आणि थक्क झाले. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्या कलम १५ प्रमाणे स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि तिला नवरा, मुलंबाळं, नातवंडं कोणी नसलं, तर तिच्या मिळकतीवर आधी हक्क नवऱ्याच्या वारसांचा. तिचे आईवडील त्यांच्यानंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी माहेरच्या बाजूला जाते, पण स्वतः नोकरी करून कमावलेली नाही! २००९ साली सर्वोच्च न्यायालयात असंच एक प्रकरण आलं होतं. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं. मुलगी माहेरी शिकली, कमावती झाली. ती गेल्यावर तिच्या कमाईवर तिच्या आईने दावा सांगितला. निकाल सासरच्या बाजूने लागला. सहानुभूती वेगळी आणि कायदा वेगळा, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर याच न्यायालयाने सगळ्या स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवा असं आवाहन केलं. न्यायालयावर अशी वेळ यावी आणि आपण मात्र अजून "अभद्र बोलू नये" म्हणत बसावं?

आपण दानशूर असल्याचा आपल्याला केवढा अभिमान! सिंहस्थ आला की अन्नदानाच्या पंगती उठतात. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव, बाकावर नाव, पायरीवर नाव. पण नाव वाचायला आपण नसू तेव्हा द्यायचं म्हटलं की हात आखडतो. आणि आपण शिकलो कोणाच्या पैशावर? मी ज्या हंप्राठा कॉलेजात बी. ए. झाले, त्या नावातले हंसराज प्रागजी ठाकरसी माझे कोण लागत होते? बीवायके कॉलेजच्या नावातले भिकुसा यमासा क्षत्रिय तुमचे कोण? परक्यांच्या पैशावर शिकून आपण घरं बांधली. आता त्या घरांत "परके" हा शब्द शिवीसारखा वापरायचा?

दिरांचा दुसरा मुद्दा मुलांच्या हक्काचा. स्वकष्टाची मिळकत कोणाला द्यावी हे ज्याची त्यानं ठरवायचं, हा कायदा आहे. पण मी कायद्यामागे लपत नाही. मुलांना द्यावंच. प्रश्न फक्त "सगळं" या शब्दाचा आहे. मुसलमानांच्या कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एकतृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणजे वारसांचं रक्षण आहे, आणि द्यायला जागाही ठेवली आहे. मला ते प्रमाण आवडलं.

आणि आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर महात्मा फुल्यांचं घ्या. १० जुलै १८८७ ला जोतिरावांनी मृत्युपत्र केलं. सावित्रीबाईंची आणि दत्तक मुलगा यशवंत यांची सोय त्यात केलीच. पण पुढे असंही लिहिलं की, यशवंत शिकला नाही, वाईट वळणाला लागला, तर सत्यशोधक समाजाच्या लोकांनी बहुमताने माळी, कुणबी, धनगर अशा समाजांतला लायक मुलगा निवडून त्याला मालमत्ता द्यावी. यशवंत डॉक्टर झाले, ती वेळ आली नाही. पण बापाचं प्रेम आणि समाजाचं देणं एका कागदावर मावतं, हे त्यांनी दाखवलं.

तिसरा मुद्दा नेहमीचा, "संस्था पैसे खातात." काही खातही असतील. मग डोळसपणे द्या. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का ते पाहा, हिशेबाचे अहवाल मागा. पैसा कशासाठी वापरायचा ते लिहा आणि ती संस्था बंद पडली तर कोणाला, तेही लिहा. व्यवस्थापक विचारपूर्वक नेमा, त्याला आधी विचारा. बाबामहाराजांच्या मृत्युपत्राची जबाबदारी घेतल्यामुळे लोकमान्यांना ताईमहाराज प्रकरणात १९०१ पासून १९१५ पर्यंत कोर्टाचे उंबरे झिजवावे लागले. टिळकांनी ते निभावलं, तुमच्या शेजाऱ्याकडून ती अपेक्षा नको!

बाकी काम सोपं आहे. स्टँपपेपर लागत नाही. साधा कागद, आपली सही आणि आपल्याला सही करताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण मी दुय्यम निबंधकांकडे जाऊन केली. डॉक्टरांचा दाखलाही जोडला, म्हणजे उद्या कोणी "म्हातारी भ्रमली होती" म्हणायला नको. तोंडी मृत्युपत्राची सवलत लढाईवरच्या सैनिकांना आहे, स्टाफरूममधल्या शिक्षिकांना नाही.

माझं मृत्युपत्र असं आहे. घर दोन्ही मुलांना समान. ठेवींचे तीन भाग, दोन मुलांचे आणि तिसरा मुलींच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या नाशिकच्याच एका संस्थेचा. हे सांगितलं तेव्हा मुलाने विचारलं, "आई, आमच्यावर राग आहे का?" त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्याला बाईंची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या आठवीतल्या मुलीचं पुढे काय झालं?" मला माहीत नव्हतं. तीच तर बोच आहे.

असो. भावोजी, रविवारी जेवायला या. राग असेल तर तोही घेऊन या. फक्त येताना एवढं सांगा, तुमचं स्वतःचं मृत्युपत्र झालंय का?